हात हलतोय की नट?

छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या बहुतेक पत्रांचं रडगाणं एकच आहे. उजेड कमी, ट्रायपॉड लावायची सोय नाही, फोटो हलतात; तर मग स्टॅबिलायझर असलेली कुठली लेन्स घेऊ? आधी सगळ्यांसाठी दोन ओळी. कॅननची आयएस, निकॉनची व्हीआर, सोनीची ओएसएस, सिग्माची ओएस, टॅमरॉनची व्हीसी, ही नावं कंपनीगणिक वेगळी असली तरी काम तेच. लेन्सच्या पोटातले जायरो सेन्सर हाताची थरथर ओळखतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवून प्रतिमा जागेवर धरून ठेवतात. आता पत्रं.

ताई, मी कुडाळजवळच्या शाळेत शिक्षक आहे. जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडे दशावतार रात्रभर चालतो. मामेभाऊ एका मंडळात स्त्रीपार्ट करतो, त्याचे फोटो काढायला जातो, पण निम्मे हललेले. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ लेन्स. फ्लॅश मारलेला कुणालाच आवडत नाही. दुकानदार म्हणतो, १८-१४० व्हीआर घ्या, थरथर जाईल. घेऊ का? वीस-बावीस हजारांपर्यंत जमेल.

गुरुजी, नका घेऊ. निदान या कामासाठी तरी नका.

तुमच्या १८-५५ वरचं नाव पुरतं वाचा. त्यात बहुतेक ‘व्हीआर’ असेलच. म्हणजे थरथर थांबवायची सोय तुमच्या हातात आधीपासून आहे आणि तरीही फोटो हलताहेत. (काही १८-५५ वर व्हीआरचं बटणच नसतं, ते कॅमेऱ्याच्या मेनूत असतं. तिथे चालू आहे ना, तेवढं बघून घ्या.) १८-१४० ही लेन्स वाईट नाही. लांबचं जवळ आणते, फिरायला जाताना एकच लेन्स पुरते. पण झूम पुढे नेला की तिचंही तोंड तुमच्या आताच्या लेन्सइतकंच बारीक, एफ/५.६ पर्यंत मिटतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं तोंड बारीक). उजेड काडीचाही जास्त मिळणार नाही.

पैसे खर्च करण्याआधी गेल्या जत्रेतले वाया गेलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि शंभर टक्के मोठे करा. नटाचा चेहरा नंतर. आधी जी वस्तू हलूच शकत नाही ती शोधा: रंगमंचावरच्या बाकड्याची कड, मागच्या पडद्याची शिवण, पायपेटीच्या पट्ट्या. बाकड्याची कड दुहेरी दिसत असेल आणि सगळ्या फोटोभर एकाच दिशेला ओढल्यासारखं झालं असेल, तर हलला तो तुमचा हात. बाकडं लख्ख आणि भावाचा पदर, हात, नथ फराटल्यासारखी, तर हलला तो नट. तिसरीही एक शक्यता असते. भाऊ मऊ दिसतो, पण मागचा मृदंगवाला अगदी स्वच्छ. ती फोकसची चूक, तिचा थरथरीशी संबंध नाही. दशावताराच्या तुमच्या फोटोंत दुसरा प्रकारच जास्त सापडेल, पैजेवर सांगते.

स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो. नटाला थांबवणं त्याच्या हातात नाही. उभं राहून संवाद म्हणणाऱ्या नटाला गोठवायला शटरचा वेग १/१२५ सेकंद लागतो, हातवारे करत असेल तर १/२००, आणि युद्धाला सुरुवात होऊन दोघं गिरक्या घ्यायला लागले की १/२५० च्या खाली जाऊच नये, १/५०० मिळालं तर उत्तम. मृदंगावरची बोटं तर १/२५० लाही पुसट येतात. आता हिशेब करा. मांडवातल्या हॅलोजन आणि एलईडीच्या उजेडात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० आणि एफ/५.६ वर कॅमेरा १/३० देतो असं धरू. १/३० ला व्हीआरमुळे तुमचं बाकडं सुरेख येईल. नट नाही येणार. तोच आयएसओ ठेवून एफ/२.८ ची लेन्स लावलीत तर १/१२५ मिळेल. एफ/१.८ ची लावलीत तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे १/२५० च्याही थोडं वर जाता येतं. दुकानदाराने सांगितलेल्या लेन्सवर तुम्ही १/३० लाच बसून राहाल.

तेव्हा तुमच्यासाठी निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स, किंवा ५० मिमी एफ/१.८ जी. दोन्हींत व्हीआर नाही आणि इथे त्याने काही अडत नाही, कारण १/२०० ला एवढ्या आखूड लेन्सवर हाताची थरथर दिसतच नाही. दोन्हींपैकी एक तुमच्या पैशांत बसायला हरकत नाही, वापरलेली घेतलीत तर उरतीलही. कुठली घ्यायची ते तुम्ही कुठे बसता त्यावर. रंगमंचाला खेटून, पोरांच्या रांगेत बसत असाल तर ३५. पाच-सहा मीटर मागे असाल तर ५०. विकत घेण्याआधी एक रात्र १८-५५ चा झूम ३५ वर लावून, न फिरवता फोटो काढा, दुसऱ्या रात्री ५० वर. पत्ता आपोआप लागेल. खरेदीत मात्र सावध राहा. ५० मिमी एफ/१.८ ‘डी’ नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते आणि विकणारा डोळे झाकून देतो. डी५६०० मध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही, त्या लेन्समध्येही नाही. ती लावलीत तर रात्रभर हाताने फोकस करत बसाल. शेवटचं अक्षर ‘जी’ आहे ना, बघूनच पैसे मोजा.

झूम हवाच असेल तर सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस निकॉनच्या माउंटमध्ये बघा, बहुधा वापरलेलीच शोधावी लागेल. पूर्ण झूमभर एफ/२.८ राहतं आणि स्टॅबिलायझरही आहे. लग्नाची कामं करणाऱ्या बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं ती वापरली. पण तुम्हाला मी ५० च सुचवीन. रात्री दोन वाजता एफ/२.८ आणि एफ/१.८ यांतला फरक फार मोठा वाटतो.

एफ/१.८ चं एक देणंही आहे. चार मीटरवरून ५० मिमीने काढलात तर दीडेक फुटाचाच पट्टा स्वच्छ येतो. भाऊ स्पष्ट, त्याच्यामागे उभा असलेला राजा अस्पष्ट. दोघं हवेत तर ते एका रेषेत येईपर्यंत थांबा, किंवा एफ/२.५ करा. फोकसचा एकच मधला बिंदू निवडून तो डोळ्यावर धरा. सगळे बिंदू चालू ठेवलेत की कॅमेरा मुकुटाचा चकाकता जरीकाठ पकडतो.

मग कॅमेऱ्याची मांडणी. डायल ‘एम’ वर, छिद्र एफ/२, वेग १/२००, आयएसओ ऑटो, आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ६४००. दाणे दिसतील. दिसू द्या. दाणेदार फोटो छापता येतो, फराटलेला येत नाही. संकासुर आला की मात्र हात चालवा. सगळा काळा वेष, चौकट काळ्याने भरते, कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला आणि तो आयएसओ वर चढवतो. काळा संकासुर राखाडी होतो आणि त्याच्याशी बोलणाऱ्याचा चेहरा पांढराफटक. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे एक, गरज पडली तर आणखी थोडं खाली. तो आत गेला की परत शून्यावर आणायला विसरू नका.

मांडवात स्वस्त एलईडी असतील तर फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेग १/१०० वर आणलात की पट्टे बहुधा जातात, पण मग गिरक्यांवर पाणी सोडायचं आणि नट थबकतो ते क्षण टिपायचे. दशावतारात ते मुबलक असतात. संवाद तोंडपाठ केलेले नसतात, उत्स्फूर्त असतात, त्यामुळे एक जण बोलला की दुसरा उत्तर जुळवताना क्षणभर स्थिर होतो. चेहराही त्याच वेळी सगळ्यात बोलका असतो.

काकू म्हणू की ताई, वय माझंच जास्त असेल! मी निवृत्त ग्रंथपाल, नाशिक. नातवाने कॅनन आर५० आणि १८-४५ लेन्स दिली. डिसेंबरात मैत्रिणींबरोबर अजिंठ्याला जायचं आहे. तिथे फ्लॅश चालत नाही म्हणतात. माझा हात थोडा थरथरतो. नातू म्हणतो, बॉडीतच स्टॅबिलायझर असलेला कॅमेरा घेऊ. खरंच गरज आहे का?

ताईच म्हणा.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते. म्हणजे उरला आपला हात. तुमचं काम गुरुजींच्या नेमकं उलटं आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दीड हजार वर्षं जागचा हललेला नाही, तुम्ही १/४ सेकंद घेतलंत तरी हलणार नाही. स्टॅबिलायझर वसूल होतो तो अशाच ठिकाणी. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे, रिकामी बाल्कनी, लाकडी कठडे, असे आतले फोटो मी असेच हातात धरून, अर्ध्या उजेडात काढलेले आहेत. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत गेलं. तेव्हापासून माझ्याकडे नाटकांपेक्षा त्या रिकाम्या खुर्च्यांचेच फोटो जास्त मागितले जातात. असो.

तुमच्या आर५० च्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही, हे नातवाचं बरोबर. पण त्यासाठी कॅमेरा बदलू नका. १८-४५ मध्ये आयएस आहे, आणि नुसत्या तेवढ्यावरही १८ च्या बाजूला तुमचं बरंच काम होईल. अडचण अशी की ती १८ वरसुद्धा एफ/४.५ च्या पुढे उघडत नाही. पैसे घालायचेच तर कॅननची आरएफ २४ मिमी एफ/१.८ मॅक्रो आयएस एसटीएम घ्या. सहापट उजेड जास्त आणि आयएसही आहे. हिचीच बहीण ३५ मिमी एफ/१.८, तीही छान. पण आर५० वर ती साधारण ५६ मिमीसारखी वागते आणि लेण्यात मागे सरकायला जागा असेलच असं नाही, गर्दी तर असतेच. एकट्या चेहऱ्याचा फोटो ३५ ने जास्त चांगला येईल. तरी भिंत, छत, खांब असं सगळं हवं असेल तर २४. आरएफ ५० एफ/१.८ स्वस्त म्हणून कुणी सुचवेल, तिच्यात आयएस नाही. तुमच्यासाठी ती नको.

हाताबद्दल. स्टॅबिलायझर तुमची थरथर बऱ्यापैकी सावरेल, पण सगळ्यात मोठा झटका थरथरीचा नसतो, बटण दाबण्याचा असतो. बोट खाली जातं तशी कॅमेऱ्याची उजवी बाजूही किंचित खाली जाते. कॅमेरा असा लेन्सच्या आसाभोवती फिरला तर लेन्समधला स्टॅबिलायझर काही करू शकत नाही, ते फक्त बॉडीतल्या सेन्सरला सावरता येतं. उपाय फुकटचा आहे. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, बटण दाबा आणि मोकळा श्वास सोडत कॅमेरा नुसता धरून उभ्या राहा. नाहीतर सलग चार-पाच फोटो घ्या. पहिल्यात झटका असतो, दुसरा-तिसरा बहुधा स्वच्छ येतो. कोपरं बरगड्यांना चिकटवा, पट्टा मानेत घालून कॅमेरा पुढे ताणून धरा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावा. पडद्यात बघत हात लांब करून फोटो काढणं विसरा. जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून तर १/४ लाही फोटो निघतात. टेकायला भिंत किंवा खांब मात्र नको, तिथे प्रत्येक इंचावर काहीतरी रंगवलेलं किंवा कोरलेलं आहे.

आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, फाइलमध्ये काढा. दिव्यांचा पिवळेपणा घरी गेल्यावर नातवाकडून काढून घेता येईल, त्यालाही काम.

मॅम, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेन्सच्या डब्यावर कुठे ४ स्टॉप, कुठे ५, कॅमेऱ्यावर तर ८ स्टॉप लिहिलेलं असतं. ८ वाला ४ वाल्याच्या दुप्पट चांगला का?

स्टॉप म्हणजे दर पायरीला दुप्पट, हे तुला ठाऊक असेलच. ५० मिमीला हाताने १/५० लागत असेल तर चार स्टॉपनी ते १/३ पर्यंत जातं, आणि कागदावर आठ स्टॉपनी पाच सेकंदांपर्यंत. पाच सेकंद हातात कॅमेरा धरून बघ एकदा! हे आकडे सीपा या जपानी संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने मोजतात. कॅमेरा थरथरवणाऱ्या यंत्रावर ठेवून. तुझी थरथर त्या यंत्रासारखी नसते. सकाळची वेगळी, दोन कप चहानंतरची वेगळी, कॉलेजच्या फिरोदिया-पुरुषोत्तमच्या तालमीत उभं राहून दमल्यावरची आणखी वेगळी. १९९५ साली कॅननने ७५-३०० मिमीची पहिली आयएस लेन्स आणली तेव्हा दावा दोन स्टॉपचा होता आणि तेवढ्यावरही लोक हरखले होते.

तुझा आकडा तूच काढ. भिंतीवर कॅलेंडर असेलच. तिथीची बारीक अक्षरं दिसतील इतक्या अंतरावर उभा राहा. १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४, प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो, स्टॅबिलायझर बंद ठेवून. मग चालू करून तेच. दहांतले सात-आठ वाचता आले तो वेग तुझा. बंद आणि चालू यांतला फरक म्हणजे तुझ्या लेन्सचे तुझ्या हातातले स्टॉप. एक सवय आत्ताच लाव: बटण अर्धं दाबून सेकंदभर थांब, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावलेलं दिसलं की मग पूर्ण दाब. धसमुसळेपणाने एकदम दाबलंस तर स्टॅबिलायझरला जागेवर यायलाच वेळ मिळत नाही.

नमस्कार. न्यू जर्सीत मंडळाच्या नाटकाचे फोटो काढायची जबाबदारी माझ्यावर आहे. शाळेचं सभागृह, मला मागच्या रांगांत जागा. कॅमेरा फुल फ्रेम. ७०-२०० एफ/२.८ स्टॅबिलायझरवाली भाड्याने मिळते, विनास्टॅबिलायझरची जुनी स्वस्तात. नट तर हलणारच, मग स्टॅबिलायझरचे पैसे कशाला द्यायचे?

तर्क चांगला आहे, पण २०० मिमीला तो फसतो. एवढ्या लांब लेन्सवर नुसत्या हातासाठीच १/२०० लागतं. नाटकातला नट १/१२५ ला छान गोठतो. मधली तूट स्टॅबिलायझर भरून काढतो आणि तुमचा आयएसओ तेवढा खाली राहतो. शिवाय २०० वरून बघताना व्ह्यूफाइंडरमध्ये रंगमंच नाचत नाही, त्यामुळे फोकसचा बिंदू डोळ्यावर धरून ठेवणं सोपं जातं. दीड किलोच्या आसपासचं ओझं दोन अंक पेलल्यावर हे किती मोलाचं ते कळेल. भाड्याचीच घ्या, आणि सभागृहवाले चालवून घेत असतील तर सोबत मोनोपॉड.

लेन्सपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे रंगीत तालमीला जा. वेष, दिवे, नेपथ्य सगळं तेच असतं आणि प्रेक्षक नसतात. पहिल्या रांगेत काय, विंगेत काय, हवं तिथे उभं राहता येतं. दिग्दर्शकाशी आधी बोलून ठेवा आणि शटरचा आवाज बंद ठेवा. पण सायलेंट शटरवर एलईडीचे पट्टे येतात का ते पाच मिनिटं तपासा. तुमच्याकडची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथे १/६० किंवा १/१२० जवळचा वेग. नाट्यगृहांतले आमचेही बहुतेक फोटो तालमीतलेच असतात. प्रयोगात फोटो काढू देत नाहीत आणि देऊही नयेत.

माझी वापरलेली घेतलेली व्हीआर लेन्स हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. फसवणूक झाली का? आणि ट्रायपॉडवर व्हीआर बंद करायचं असतं का? — सांगली

खुळखुळण्याने घाबरू नका. कॅमेरा बंद असताना आतला काचांचा गट काही लेन्समध्ये मोकळा असतो, त्याचा आवाज येतो. व्हीआर काम करत असतानाच कॅमेरा बंद केला किंवा लेन्स काढली तरी असा आवाज येतो. कॅमेरा परत चालू केला की थांबतो. चालू असतानाही खुळखुळत असेल, किंवा बटण अर्धं दाबल्यावर चित्र उडी मारून एका बाजूला जात असेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याला दाखवा. ज्यांच्याकडून घेतलीत त्यांना परत करायची मुदत उरली असेल तर आधी तीच वापरा. ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचं व्हीआर बंदच करा. कॅमेरा पक्का असताना त्या नसलेली थरथर शोधत बसतात आणि दीर्घ एक्स्पोजर बिघडवतात. नव्या बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण तुमची वापरलेली आहे, किती जुनी ते लिहिलेलं नाही. तेव्हा बंद.